अळीचा वाटा

आम्ही कास्तकारांची पोरं अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकायला गेलो, तेव्हा वाटायचं, किडी कशा मारायच्या ते शिकवतील. आधी शिकवलं ते वेगळंच : केव्हा मारायच्या नाहीत. शेतभर फिरून कपाशीची २० हिरवी बोंडं तोडायची, फोडून बघायची. दोनांत गुलाबी बोंडअळी निघाली, तर फवारा. एकातच निघाली, तर पंप घरीच. हा हिशेब पटतो. वाचणारा पैसा आपलाच असतो.

अवघड प्रश्न पुढचा. २००२ साली बीटी कपाशी आली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीचं बी मिळायचं. ते भोवताली पेरायचं, अळीला जगता यावं म्हणून! एखादी अळी बीटीचं विष पचवून निघालीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार या साध्या ओळींतला मिळावा आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडावी, असा तो बेत. पण गावोगाव ते पाकीट कोपऱ्यात पडलं, नाहीतर उकिरड्यावर गेलं. "अळीसाठी शेत राखू काय?" चार एकरवाल्याचा हा सवाल खोटा नव्हता. खाल्ली जाणार त्याची ओळ, फायदा मात्र शिवारभर.

सगळ्यांनी तेच म्हटलं. अळी विष पचवायला शिकली. कारणं आणखीही होती, पण हे मोठं होतं. २०१७ मध्ये बोंडं आतून पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारत होते.

आमची आजी पेरणीच्या दिवशी मूठभर दाणे धुऱ्यावर टाकायची. "पाखरायचाही वाटा असते बाप्पा," म्हणायची. तिच्या वाट्याला धर्माचा आधार होता. अळीच्या वाट्याला नुसता हिशेब, आणि एकट्याच्या हिशेबात तो वाटा तोट्याचाच.

मग वाटा सोडायचा कोणी? माझं मत असं, की तो एकट्यावर टाकणं अन्याय आहे. गायरान, पाणवठा गावानं मिळून राखायचा असतो. अळीचं विषाला बळी पडणं हीसुद्धा तशीच सामाईक ठेव. ज्याच्या धुऱ्यावर साध्या ओळी उभ्या राहतील, त्याच्या बोंडांची भरपाई गावानं द्यावी. तेवढं करणार नसू, तर त्यानं पाकीट फेकलं म्हणून त्याला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही.