जटायूचे वय

येडशी गावाकडून रामलिंगाच्या दरीत उतरणाऱ्या भाविकाचे लक्ष प्रथम बालाघाटाच्या झाडीकडे जाते, मग माकडांकडे, आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर मंदिराला वळसा घालून जाणाऱ्या ओढ्याकडे. महादेवाचे दर्शन झाले की तो जटायूच्या समाधीपुढे हात जोडतो आणि परतीच्या पायऱ्या चढू लागतो. त्या समाधीपाशी थोडे थांबण्याचे एक कारण आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. ही समाधी ज्या वीराची मानली जाते, तो वीर म्हातारा होता.

येथील लोकश्रद्धा अशी की, सीतामाईला पळवून नेणाऱ्या रावणाला जटायूने याच दरीत अडविले, येथेच तो घायाळ होऊन पडला आणि त्याची तहान भागविण्यासाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून पाणी काढले. अशीच श्रद्धा नाशिक जिल्ह्यातील सर्वतीर्थ टाकेद येथेही आहे, दक्षिणेतील लेपाक्षी येथेही आहे. यात वाद घालण्याजोगे काही नाही. जटायू आपल्याच रानात पडला असे अनेक गावांना वाटावे, हा त्या पक्षिराजाचाच गौरव होय.

वाल्मीकींनी अरण्यकांडात जटायूचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात त्याचे वय वारंवार येते. सीतेचा आक्रोश कानी पडतो तेव्हा तो वृक्षावर पेंगत असतो. जागा झाल्यावर तो आधी युद्ध करीत नाही, रावणाला नीतीच्या चार गोष्टी सांगतो. मग स्पष्टच बोलतो की, मला साठ हजार वर्षे झाली, मी थकलो आहे. तू तरुण आहेस, तुझ्यापाशी रथ आहे, धनुष्य आहे, कवच आहे. तरीही माझ्या डोळ्यांदेखत तुला हिला सुखाने नेता येणार नाही. पुढे तो रावणाचे धनुष्य मोडतो, रथ मोडतो, सारथ्यालाही ठार करतो. पण दम लागतो तो वयामुळेच, आणि त्या क्षणी रावण त्याचे पंख व पाय तोडतो. श्रीराम येईपर्यंत तो प्राण धरून राहतो. सीतेला कोणी नेले आणि कोणत्या दिशेला नेले, एवढे सांगतो आणि बोलता बोलताच त्याचे प्राण जातात.

फळ पाहू गेले तर जटायूच्या हाती काही लागले नाही. सीता सुटली नाही. मग त्याच्या सेवेचे मोल कशात? उतारवयात देवाच्या दारी सेवेला राहिलेल्या कोणत्याही माणसाच्या मनात हाच प्रश्न केव्हा ना केव्हा येतो. आता आपल्या हातून असे काय मोठे होणार?

मराठवाड्यातील लहानमोठ्या देवस्थानांत अशी वृद्ध जोडपी आढळतात. काही गुरव घराण्यांतील असतात. शिवालयाची पूजा, बेल पुरविणे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणे ही कामे गावगाड्यात गुरवाकडे होती आणि त्याबद्दल बलुत्याचे धान्य मिळे. पत्रावळ पुरुषाच्या नावावर जाई, ती लावणारे हात बहुधा घरातील स्त्रीचे असत. आज पत्रावळी यंत्रावर निघतात, बलुते सरले, पूजेची पाळी मात्र राहिली. दुसरी काही जोडपी अशी की, मुले पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेली, शेत वाट्याने लावले आणि देवाच्या आवारात एक खोली मिळाली म्हणून येऊन राहिली. ही माणसे एकटेपणामुळे आली, यात भक्ती ती कसली, असे कोणी म्हणतो. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. माणूस देवाकडे कोणत्या वाटेने आला हे पाहण्याची देवाला सवय असती, तर नवस करणाऱ्यांना गाभाऱ्यात प्रवेशच मिळता ना.

अशा जोडप्याचा दिवस बाहेरून पाहणाऱ्यास एकसुरी वाटेल. पहाटे चारच्या सुमारास उठणे, थंडी असो वा नसो गार पाण्याने स्नान, आदल्या दिवशीचे निर्माल्य काढणे, गाभारा धुणे. एकाने केरसुणी घेतली की दुसऱ्याने बादली घ्यायची. मग बेलाची निवड. पान तीन दलांचे हवे, त्याला कीड वा छिद्र नको, देठाकडची गाठ काढलेली हवी. म्हाताऱ्या डोळ्यांना हे दिसत नाही, म्हणून पुष्कळदा बोटांनी चाचपूनच पान निवडले जाते. अभिषेक, आरती, नैवेद्य. दुपारी भाविकांची वर्दळ ओसरली की बाई वाती वळायला बसते. फुलवाती वेगळ्या, समईच्या लांब वाती वेगळ्या. पुरुष त्या वेळी नारळाची टरफले गोळा करतो, माकडांनी पळविलेल्या पिशव्यांचे तुकडे वेचतो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला हीच कामे दसपट होतात. रामलिंगासारख्या ठिकाणी तर मंदिराभोवती 1997 पासून घोषित अभयारण्य आहे. 2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरच्या जंगलातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ याच रानात कॅमेऱ्याने टिपला. तेव्हा दिवस कलला की रेंगाळणाऱ्यांना आर्जव करून वर पाठविणे हेही अशा ठिकाणी सेवेचेच एक अंग ठरते, आणि त्याबद्दल दोन उलटे शब्द ऐकून घेणे हे दुसरे.

या दिवसात एक गोष्ट सहज नजरेआड होते. मंदिराचे काम दोघांचे, पण त्यानंतर खोलीत जाऊन चूल पेटविणारी एकटीच असते. पुरुषाची सेवा शेजारतीला संपते, स्त्रीची भांडी घासून झाल्यावर. सेवा निष्काम असावी हे खरे. परंतु दोघांपैकी एकाच्या निष्कामतेचा भार दुसऱ्याच्या कमरेवर पडत असेल, तर त्याचा विचार व्हावयास हवा.

शास्त्रकारांना हा प्रश्न अगदीच सुचला नव्हता असे नाही. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंडाचे मुख पाहिले, म्हणजे गृहस्थाने वनात जावे असे मनुस्मृती सांगते. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा तिला बरोबर घेऊन जावे, असे दोन पर्यायही ती देते. पर्याय दिला तो पतीला. पत्नीची इच्छा काय, हे तेथे विचारलेले नाही. धृतराष्ट्र वनात निघाला तेव्हा गांधारी बरोबर होती. ज्या कुंतीवर कोणाची सक्ती नव्हती, तीही पुत्रांच्या विनवण्या बाजूला सारून त्या दोघांच्या सेवेसाठी निघाली. महाभारतातील वानप्रस्थाच्या कथांत कुंतीचे जाणे आम्हांस सर्वांत मोठे वाटते, ते याच कारणाने.

याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर गावी संत गोरोबाकाकांचे मंदिर आहे. येडशीस आलेले अनेक भाविक तेथेही जातात. गोरोबा हे संतमेळ्यात वयाने वडील, म्हणून सर्वांचे काका. त्यांची कथा कीर्तनातून सर्वांनी ऐकलेली आहे. पत्नी संती पाण्याला गेली, लेकरू पतीवर सोपवून गेली. काका चिखल तुडवीत विठ्ठलनामात रंगले आणि लेकरू पायाखाली आले. पुढे संतीने मला शिवू नका म्हणून विठ्ठलाची आण घातली, काकांनी ती पाळली, धाकटी बहीण रामी सवत म्हणून घरात आली आणि अखेर पंढरीच्या कीर्तनात काकांचे तुटलेले हात आणि गेलेले लेकरू परत मिळाले. कीर्तनकार हात परत आल्याच्या प्रसंगाशी येतात तेव्हा श्रोते टाळ्या वाजवितात. टाळी योग्यच आहे. तरी संतीने भरलेली घागर खाली ठेवली त्या क्षणाचा विचार फारसा कोणी करीत नाही. ती बेसावध नव्हती. जोडीदारावर विश्वास टाकून ती घरच्याच कामाला गेली होती. आण घालून तिने जे केले, त्याला आपण राग म्हणतो. ते तिचे गाऱ्हाणेही होते, आणि खुद्द काकांनी ते खरे मानले. विठ्ठलाच्याच नावाने विठ्ठलभक्ताला अडविणारी ही बाई भक्तिमार्गाच्या बाहेरची नव्हे.

म्हणून एखादे वृद्ध जोडपे सेवेला राहू इच्छिते असे कळले, तर ती इच्छा दोघांची आहे का, हे देवस्थानाने वेगवेगळे विचारावे असे आम्हांस वाटते. दोघांना एकत्र बसवून विचारले की उत्तर एकच येते.

आणखी एक प्रश्न मोबदल्याचा. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी विनामूल्य सेवा देतात आणि तेथील शिस्त व स्वच्छता सर्वश्रुत आहे. दीर्घकाळ त्या संस्थानचा कारभार पाहिलेले शिवशंकरभाऊ पाटील 2021 साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या निःस्पृहतेचे स्मरण सर्व महाराष्ट्राने केले. हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून पुष्कळ लहान देवस्थाने म्हणतात की, सेवेला पैसा लावू नये. येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. पाळीने येणारा सेवेकरी काही दिवस सेवा करून आपल्या घरी परततो, त्याचे घर त्याला पोसते. ज्या जोडप्याचे घर म्हणजे आवारातील ती एक खोलीच, त्यांना पुण्यावर औषधे आणता येत नाहीत. आईवडिलांच्या व ज्येष्ठांच्या चरितार्थासाठी 2007 साली केंद्र सरकारने कायदा केला, त्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण देवाच्या दारी राहिलेली माणसे मुलांविरुद्ध अर्ज घेऊन कचेरीत जात नाहीत. जात नाहीत याचा अर्थ त्यांना गरज नाही, असा कोणी घेऊ नये. मानधन दिल्याने सेवा बाटत नाही. घेणाऱ्याने मनातून मोजले तर बाटेल, आणि तो ज्याचा त्याचा प्रश्न. न देणाऱ्याने दुसऱ्याची निष्कामता गृहीत धरणे हा मात्र लोभच, तो देवस्थानाच्या नावाने केला तरी.

आषाढी एकादशीला पंढरपूरच्या शासकीय महापूजेत दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्याला मुख्यमंत्र्यांसमवेत पूजेचा मान मिळतो. बहुधा ते शेतकरी असतात, पुष्कळदा उतारवयाचे. त्यांना एस. टी. महामंडळाचा वर्षभराचा मोफत प्रवासाचा पास दिला जातो. मानासोबत पास देणाऱ्याला गरज कळली होती, हे यातून दिसते.

आता पुन्हा जटायूकडे. श्रीरामांनी त्याच्यासाठी काय केले, हेही वाल्मीकींनी सविस्तर सांगितले आहे. सीतेच्या वियोगाने व्याकूळ झालेले राम तिच्या शोधात लगेच पुढे धावत नाहीत. ते लक्ष्मणाला लाकडे आणायला सांगतात, चिता रचतात, स्वतः अग्नी देतात, पिंड देतात आणि गोदावरीवर जाऊन तर्पण करतात. महाराज दशरथ मला जसे पूज्य, तसाच हा, असे म्हणतात. दशरथाचा अंत्यविधी झाला तेव्हा राम वनात होते, अग्नी भरताने दिला होता. पित्याच्या बाबतीत जे हातून घडू शकले नाही, ते एका म्हाताऱ्या पक्ष्याच्या बाबतीत घडले. सेवेचे फळ मिळाले की नाही, याचा हिशेब जटायूने मांडला नाही. ज्याची सेवा झाली त्याने मात्र थांबून, आपले तातडीचे काम बाजूला ठेवून, सेवकाचे देणे फेडले.

आणि येथील कथेत तर त्याही आधी पाणी येते. मराठवाड्यात पाणी देणे म्हणजे काय, हे कोणी कोणास सांगावयास नको. बार्शी लाइटची अरुंद लोहवाट कालांतराने रुंद झाली. येडशी हे त्याच मार्गावरील जुने स्थानक. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून तहानलेल्या लातूरकडे पाण्याची गाडी धावली, तीही याच मार्गाने. श्रीरामांनी बाण मारला तो ज्याच्याकडून आता कोणतेच काम व्हायचे उरले नव्हते अशासाठी.

दर्शनाला येणाऱ्या भाविकांना म्हणून इतकेच सांगणे आहे की, पायऱ्या उतरताना बरोबर पिण्याचे पाणी ठेवावे, माकडांना खाऊ घालू नये, प्लॅस्टिक आवारात टाकू नये, बेल निवडून आणावा. देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी कळसाला, कमानीला, फरशीला जरूर द्यावे. कोणत्याही देवस्थानात देणगी देताना, येथे राहणाऱ्या सेवेकऱ्यांच्या औषधपाण्यासाठी वेगळी पावती फाडता येते का, हेही कार्यालयात विचारून पाहावे. आणि आवारात वाती वळत बसलेली एखादी आजी दिसली, तर तिच्या तांब्यात पाणी आहे ना, तेवढे पाहून पुढे जावे.