निवळीचा दृष्टांत

पावसाळ्यात नदीचे पाणी घरात आले की रांजणाच्या आतल्या अंगाला निवळीची बी घासायची, नाहीतर तुरटीचा खडा फिरवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. आज बंगल्यातल्या पोहण्याच्या हौदाचे पाणी गढुळले, तरी पुष्कळदा तुरटीच्याच जातीचे औषध घालतात. मातीचे सूक्ष्म कण सारख्याच विद्युत्भारामुळे एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात. तुरटी तो भार मारते. कण एकमेकांना बिलगतात आणि जड होऊन तळाशी बसतात.

बसतात, जात नाहीत! हौदातला गाळ नळीने हळूच ओढून बाहेर टाकावा लागतो. त्याआधी एखाद्या पोराने उडी मारली, की केले-सवरले अक्षरशः पाण्यात. (शिवाय नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, ते काम क्लोरीनचे.)

'आत्मबोध' या ग्रंथात याच निवळीचा दृष्टांत आहे: ज्ञान अज्ञानाला घालवून स्वतःही नाहीसे होते, जशी निवळीची पूड पाणी निवळवून आपणही विरते. मला यातला दुसरा भाग छळतो. दोघा भावांच्या वाटणीचे भांडण मिटवणारा गृहस्थ तुम्हीही पाहिला असेल. भांडण निवळते, पण हा काही तळाशी बसत नाही. दर दिवाळीला फराळाच्या पाटावर बसून, 'मी होतो म्हणून!' हे तो पहिल्यापासून सांगतो. याला उपकार म्हणावे काय? मी तरी म्हणत नाही. पण त्याच्यावाचून भांडण मिटले असते, असेही म्हणवत नाही. तो सांगत असतो, आणि दोघे भाऊ खाली मान घालून चकली मोडत असतात.