हुजऱ्या की वकील?

गेल्या माघात एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी असे प्रतिपादन केले की, ज्या तीमथ्याचे गोडवे ख्रिस्ती मंडळ्या एकोणीस शतके गात आल्या, तो वास्तविक पौलाचा केवळ हुजऱ्या होता. पोट नाजूक, स्वभाव भित्रा, डोळ्यांत सदैव पाणी, आणि धन्याने धाडले तिकडे जाऊन निरोप पोहोचविणे एवढाच त्याचा धर्मकार्यातला वाटा. सभागृहात टाळ्या पडल्या. मला त्या दिवशी उठून उत्तर देणे जमले नाही, त्याची रुखरुख वर्षभर राहिली. म्हणून हा लेख.

व्याख्यानाच्या पूर्वार्धात वक्त्यांनी तीमथ्याच्या नावे असलेली दोन्ही पत्रे पौलाची नव्हेत, असे ठासून सांगितले होते. त्याला माझी हरकत नाही. १८०७ साली जर्मन धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखरने त्यांतील पहिल्या पत्राच्या कर्तृत्वावर शंका घेतली, तेव्हापासून या पत्रांची निराळी शब्दकळा आणि त्यांत दिसणारी मंडळीची घडी बसलेली व्यवस्था पाहून पुष्कळ अभ्यासकांनी ती नंतरच्या पिढीची मानली आहेत. परंतु मग पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा तो सल्ला, ते अश्रू, भित्रेपणाविरुद्धचा तो उपदेश, हा सगळा पुरावा उत्तरार्धात आला कोठून? त्याच दोन पत्रांतून. जो दस्तऐवज सकाळी बनावट ठरविला, तोच संध्याकाळी आरोपीविरुद्ध साक्षीला उभा करणे कोणत्याही कचेरीत चालत नाही.

तेव्हा ज्यांच्याविषयी वाद नाही, तीच पत्रे पाहू. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे असून, उपलब्ध ख्रिस्ती लेखनात ते सर्वांत जुने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या पहिल्याच ओळीत पौल आणि सिल्वान यांच्या जोडीला तीमथ्याचे नाव आहे. त्या नगरात दंगा होऊन पौलाला रातोरात बाहेर पडावे लागले होते. मागे राहिलेली नवी मंडळी टिकली की विखुरली, हे कळेना. आणि ती काळजी असह्य झाल्यावर अथेन्सात स्वतः एकटे राहणे पत्करून त्याने या तरुणाला परत त्याच नगरात पाठविले. निरोप्याला एवढ्यासाठी कोणी पाठवीत नाही. माणसे पाहायची, त्यांना धीर द्यायचा, त्यांची परीक्षा करायची आणि मग खरी हकीकत आणायची, हे काम मुखत्यारी दिलेल्या माणसाचे. पेशवाईतील पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे, त्यांना दरबारी गेलेल्या वकिलाचा अधिकार वेगळा सांगायला नको.

याच पत्रात पौल त्याला जे विशेषण लावतो, त्याची कथा मला फार बोलकी वाटते. काही प्राचीन हस्तलिखितांत तीमथ्याला ‘देवाचा सहकारी’ म्हटले आहे, तर चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितासारख्या इतरांत ‘देवाचा सेवक’. मूळ पाठ पहिलाच असावा, असे आजच्या पाठचिकित्सकांचे मत आहे. मर्त्य माणसाला देवाचा सहकारी म्हणणे नकलनविसांना धाडसाचे वाटले असावे आणि त्यांनी शब्द सौम्य केला. तीमथ्याला एक पायरी खाली उतरविण्याची ही खोड व्याख्यानमालेच्या पुष्कळ आधीची आहे.

सुंतेचा प्रश्न मात्र मला इतक्या सहज सोडविता येत नाही. तीत या ग्रीक सहकाऱ्याची सुंता होऊ न देण्यासाठी जो पौल यरुशलेमेत अडून बसला, त्यानेच लुस्त्राच्या परिसरातील यहुद्यांखातर या ग्रीक बापाच्या मुलाची सुंता केली, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. आई यहुदी होती, म्हणून हा प्रश्न वेगळा, हे समर्थन मला पटते. परंतु यहुद्यांसाठी यहुद्यासारखे होण्याच्या पौलाच्या तत्त्वाचे मोल येथे तीमथ्याच्या देहाने दिले. वयात आलेल्या मुलाने, आजच्यासारखी भूल नसलेल्या काळात, ती जखम सोसली आणि ती भरल्यावर चालायला लागला. तो त्या वेळी काय म्हणाला, याचा एक शब्दही लेखकाने नोंदविलेला नाही. हे मौन मला खुपते. हुजऱ्या म्हणणाऱ्यांनी त्या जखमेकडे एकदा नीट पाहावे.

त्याच्या आईचे नाव युनीके आणि आजीचे लोईस. ही नावे मला कोठे मिळतात? वर ज्यांना मी सोडून दिले, त्याच पत्रांपैकी दुसऱ्यात. येथे मला माघार घ्यावी लागते. पत्र नंतर कोणी रचले असले, तरी आजीचे नाव रचण्याची गरज कोणाला पडावी? मंडळीत ते कोणीतरी जपले असावे. ही पत्रे मी आता सरसकट टाकून देणार नाही. त्यांवरून कोणाचा स्वभाव ठरविण्यास तेवढा नकार देईन.

आता करिंथ. वक्त्यांनी खरा आक्षेप येथे घ्यायला हवा होता. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, जे निःसंशय पौलाचे, तो विनवितो की तीमथ्य आला तर त्याला तुमच्यात निर्भयपणे राहता येईल असे पाहा, त्याला कोणी तुच्छ लेखू नये. तट पडलेल्या त्या मंडळीत जाणे कोणालाही जड गेले असते, असे मी पूर्वी म्हणत असे, आणि ती मोहीम सफल झाली असे गृहीतही धरीत असे. यंदा दोन्ही पत्रे ओळीने वाचल्यावर माझे मत बदलले. दुसऱ्या पत्रात करिंथची चांगली बातमी घेऊन येतो तो तीत. तीमथ्याच्या त्या फेरीचे काय झाले, याचा उल्लेख नाही. तो तेथे अपयशी ठरला, असे मी आता मानतो.

तरीही, ज्या करिंथकरांनी बहुधा त्याचे ऐकले नाही, त्यांनाच लिहिलेल्या त्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौलाने आपल्या नावालगत एकच नाव घातले आहे, आणि ते तीमथ्याचे. त्याला तेथे म्हटले आहे ‘बंधू’.