सोळाव्या गुणसूत्रावरची गळती

मूल बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही, असं कळलं की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती ‘कुणाकडून आलं?’ याची. उत्तर बहुधा आईच्या माहेरापाशी जाऊन थांबतं. अमेरिकेतही मानसशास्त्राची परिभाषा वापरून झालं तेच. ब्रूनो बेटलहाइमने १९६७ साली पुस्तक लिहून ऑटिझमचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडलं. दहा वर्षांनी सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकबीज ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक होती. द्विबीज १० जोड्यांत अशी एकही नाही. नमुना लहान, पण कारण जनुकांत असल्याचं दाखवून आईवरचा आरोप खिळखिळा करायला पुरेसा.

आनुवंशिक म्हणजे पुन्हा घराणंच आलं, असं वाटेल. पण २००७ साली जोनाथन सेबट आणि सहकाऱ्यांना वेगळंच दिसलं. ज्या घरांत एकच मूल ऑटिस्टिक होतं, तिथल्या सुमारे १० टक्के मुलांत गुणसूत्राचा एखादा तुकडा गळलेला किंवा दुप्पट झालेला होता, आणि आईवडील दोघांतही तो बदल नव्हता. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण १ टक्का. पुढे आइसलँडमधल्या अभ्यासात कळलं, की वडिलांचं वय वर्षाने वाढलं की मुलात डीएनएच्या एकेका अक्षराचे सरासरी दोन नवे बदल वाढतात. (माहेर धुंडाळणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.) त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, तेव्हा आता बापाला पिंजऱ्यात उभं करण्याचंही कारण नाही.

तुकडा गळण्याचंच एक उदाहरण घ्या. सोळाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर डीएनएच्या सुमारे सहा लाख अक्षरांचा एक पट्टा आहे. तो गळाला की ऑटिझमची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. तरीही हा पट्टा गळालेल्यांपैकी बहुतेकांना ऑटिझम नसतो. कुणाला बोलायला उशीर होतो, कुणाचं वजन वाढतं, कुणाला आकडी येते. कधी मुलाच्या निदानानंतर वडिलांचं रक्त तपासतात आणि तीच गळती त्यांच्यातही निघते. त्यांनी नोकरी केली, संसार केला, शंकाही आली नाही. उरलेल्या जनुकांतले हजारो बारीक, सर्वसामान्य फरक पारडं इकडे-तिकडे झुकवत असतात.

म्हणूनच गर्भजल तपासणीत ही गळती दिसल्यावर आईबापांना ‘ऑटिझम’ एवढाच शब्द ऐकवून मोकळं होणं मला गैर वाटतं. बाकीच्या शक्यताही त्यांना सांगायला हव्यात, आणि त्याआधी त्या दोघांचं रक्त तपासायला हवं.