कर्जाऊ वेळ

कर्ज काढून परदेशी शिकायला आलेल्या मुलीनं कॉलेजातल्या संस्थांच्या कामात किती वेळ घालावा? माझं उत्तर तयार होतं: अजिबात घालू नये. भाचीनं ते एका दुपारीत बरंच खिळखिळं केलं. पूर्ण पाडलं मात्र नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ती लंडनमधल्या एका कॉलेजात वर्षभराची एमएस्सी करते आणि आमच्याकडे ईलिंगला राहते. पहिल्या सेमिस्टरमध्ये ती भारतीय विद्यार्थ्यांच्या सोसायटीची खजिनदार झाली, शिवाय वर्गाची प्रतिनिधी. जानेवारीत सोसायटीचा अध्यक्ष प्लेसमेंटवर गेला आणि जागा रिकामी झाली. ‘तूच उभी राहा,’ असं सगळे तिला म्हणाले. शनिवारी ईलिंग ब्रॉडवेवरून वॉलपोल पार्ककडे चालताना तिनं विषय काढला.

“मामा, तू आधी काय ते ‘नको’ म्हणून टाक. कारणं मग सांग.”

“नको. आणि कारण एकच आहे. 28 लाखांचं कर्ज, कराडचं घर तारण, बारा महिन्यांचा कोर्स. भागाकार कर.”

“रोजचे साडेसात हजारांच्या वर.”

“आणि दिवाळीच्या आधी तू ढोलाच्या भाड्यावरून फोनवर तासभर हुज्जत घालत होतीस, त्याचे किती?”

“झोप धरली तर तीनशे वीस रुपये.”

“झोप धरायची नसते.”

“का? मी झोपते तेव्हा बँक व्याज थांबवते का?”

मी हिशेबनीस माणूस. माझाच भागाकार कोणी माझ्या अंगावर टाकला की मला राग येतो आणि थोडं बरंही वाटतं. पण मुद्दा सोडायचा नव्हता. “निबंधाला 58 पडले. इथे 60 ला मेरिट. दोन गुण कुठे गेले ते तुलाही माहीत आहे. दाजींनी घर गहाण ठेवलं ते तू शिकावंस म्हणून. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात म्हणून नव्हे. पैसे त्यांचे, म्हणजे त्या पैशांनी घेतलेला वेळही त्यांचा.”

ती थोडा वेळ गप्प चालत राहिली. मग म्हणाली, “दोन गुण कुठे गेले ते सांगते. तुला अर्धंच माहीत आहे.”

डिसेंबरात, निबंधाच्या आठवड्यात, जालन्याकडचा एक मुलगा सोसायटीच्या नंबरवर फोन करून आला. एका घरातला एक पलंग त्यानं भाड्यानं घेतला होता. ते घर ज्यानं दिलं तोही भाडेकरूच. डिपॉझिट रोख दिलेलं, पावती नाही, कागद नाही. घर देणारा ‘उद्या खोली सोड’ म्हणाला आणि पैसे परत देईना. इंग्लंडमध्ये रीतसर भाडेकरूचं डिपॉझिट घरमालकानं तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं. योजनेत जमा करण्याचा कायदाच 2007 पासून आहे. पण पलंगाच्या पोटभाडेकरूला बरेचदा हे संरक्षण लागू होत नाही आणि नेमके तेच लोक सगळ्यात अडचणीत असतात. भाची तीन संध्याकाळी त्या मुलामागे होती. एकदा विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात, एकदा त्या घरी, एकदा त्याच्यासाठी दुसरी खोली शोधत. अर्धे पैसे परत मिळाले.

“तो तुझा कोण लागतो?”

“कोणी नाही. म्हणून तर तो सोसायटीकडे आला. इथे त्याचा कोणी असता तर तो त्याच्याकडेच गेला असता.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तेव्हा उत्तर नसलेला माणूस करतो तेच मी केलं, मोठी नावं काढली.

“बाबासाहेब आंबेडकर याच शहरात शिकले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. 1920 मध्ये पुन्हा आले ते पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेली उसनवारी घेऊन. तेही उसन्या पैशांवरच शिकत होते की नाही? त्यांनी काय केलं? ग्रंथालयात बसले. 1923 मध्ये डी. एस्सी. झाले, ग्रेज इनची बॅरिस्टरी घेतली आणि परत गेल्यावर, 1924 च्या जुलैत, बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. आधी विद्या, मग संघटना. याहून चांगला दाखला देऊन दाखव.”

“सेनापती बापट,” ती म्हणाली. “मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर 1904 मध्ये एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. ब्रिटिश राजवटीविरुद्ध जाहीर बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. तेही दुसऱ्याच्याच पैशांवर होते. त्यांनी गप्प बसायला हवं होतं?”

“तुझी दिवाळी पार्टी आणि बापटांचं भाषण एका तागडीत घालतेस?”

“नाही घालत. पण तूही माझा 58 गुणांचा निबंध आणि बाबासाहेबांचा ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध एका तागडीत घालू नकोस.”

मोठ्यांचे दाखले असे दोन्ही बाजूंना लागू पडतात. बॅरिस्टरीच्या परीक्षा देऊनही सावरकरांना त्याच ग्रेज इननं सनद नाकारली, हे मी सांगणार होतो, पण त्यातून कोणाची बाजू भक्कम होते तेच कळेना. सोडून दिलं.

“बाबासाहेबांचं तू अर्धंच सांगितलंस,” ती पुढे म्हणाली. “लंडनला निघण्याआधी त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढलं होतं. 31 जानेवारी 1920. म्हणजे विद्या आणि संघटना आधी-मग अशा नव्हत्याच, एकमेकींत अडकलेल्या होत्या. आणि ते इथे अभ्यास करत होते तेव्हा तिकडे ‘मूकनायक’चे हाल झाले. 1923 मध्ये बंद पडलं.”

हा मुद्दा तिनं माझ्याविरुद्ध म्हणून मांडला होता. पण तो मला उपयोगी पडणार हे माझ्या लक्षात आलं आणि मी तो राखून ठेवला.

वॉलपोल पार्कात पिट्झहँगर मॅनरपाशी आम्ही बाकावर टेकलो. सर जॉन सोन या वास्तुविशारदानं हे घर स्वतःसाठी बांधलं, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी. पलीकडे सेंट मेरीज रोडवरच्या कॉलेजात गायक फ्रेडी मर्क्युरी शिकत होता. त्याचं शाळेचं वय आपल्या पाचगणीत गेलं, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगतो. भाचीनं ते आजवर इतक्यांदा ऐकलं आहे की मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, “ग्राफिक्सचा डिप्लोमा 1969. आणि तेव्हा कोणी मामा त्याला ‘बँड सोड’ म्हणायला नव्हता, हे त्याचं नशीब.”

मी दुसरी बाजू धरली. “खरं सांग. तुला काम आवडतं की पद? दिवाळीच्या फोटोत तू मधोमध होतीस.”

“मधोमध उभं राहायला मला आवडतं,” ती सरळ म्हणाली. “लिंक्डइनवरही टाकलं. तू एनएसएस केलंस ते काय निव्वळ सेवा म्हणून?”

तिचं म्हणणं रास्त होतं. दोन वर्षांत 240 तास भरायचे, श्रमदानाची वही गुरुजींकडून सही करून घ्यायची, आणि त्याबदल्यात गुणांची सवलत. शिबिरात आम्ही शोषखड्डे खणले ते गुणांकडे डोळा ठेवूनच. पण ते खड्डे गावाला उपयोगी पडले. खणणाऱ्याचा हेतू शुद्ध होता की नाही, याची पाण्याला काय पडली होती! तरीही हेतूचा प्रश्न मला निरर्थक वाटत नाही. ज्याला फोटो हवा आहे तो फोटो नसलेलं काम टाळतो, एवढाच त्या प्रश्नाचा व्यवहारातला अर्थ. मी तिला तेच विचारलं: फोटो नसलेलं काय केलंस?

“हिशेब,” ती म्हणाली, आणि मोबाइलवर तिचा तक्ता उघडून दिला.

तो तक्ता मी धंद्याच्या सवयीनं वाचला. रांगोळीचे रंग, समोसे, हॉलचं भाडं, तिकिटांचे पैसे, प्रत्येक ओळीसमोर पावतीचा फोटो. एका ओळीत ‘ढोल, परत केला, फाटलेला’ असं लिहून दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवला होता. नीट ठेवलेला हिशेब होता. खाली मात्र एक ओळ मला कळेना: ‘न आलेले, अंदाजे’, आणि पुढे काही नावांची आद्याक्षरं.

“हे कोण?”

“ज्यांना यायचं होतं आणि येता आलं नाही ते. कमिटीनं कार्यक्रम शनिवारी रात्री ठेवला, बँक्वेट हॉलमध्ये, तिकीट बावीस पौंड. मी म्हणत होते मंगळवारी, संघटनेच्याच हॉलमध्ये, सहा पौंडांत. आपली निम्मी मुलं शनिवार-रविवार गोदामात नाहीतर केअर होममध्ये कामाला असतात. व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि ते तास मुख्यतः शनिवार-रविवारीच मिळतात. मतदान झालं, मी हरले.”

“कमिटीत शनिवार-रविवार काम करणारं कोणी नव्हतं?”

“एकही नव्हतं. मीही नाही, कारण मी तुझ्याकडे फुकट राहते.” ती थांबली. “तूच बघ मामा. कर्जवाल्यांनी संस्थेत पडू नये म्हणतोस. ठीक आहे. मग संस्थेत कोण उरतं? ज्यांच्या बापाला भागाकार करावा लागत नाही ते. मग कार्यक्रम शनिवारी, तिकीट बावीस पौंड, आणि पलंग गेलेल्या मुलाचा फोन कोणी उचलत नाही. तुझा नियम एका मुलीला लावला तर शहाणपण वाटतं. सगळ्यांना लावला तर भारतीय विद्यार्थ्यांची सोसायटी म्हणजे थोड्या सुखवस्तू पोरांचा क्लब होतो.”

माझ्या ‘अजिबात नको’ला खरा तडा गेला तो इथे. ईलिंगमध्ये राहून हे मला आधीच सुचायला हवं होतं, कारण आमच्याच बरोमध्ये साउथॉल आहे. 4 जून 1976 ला तिथे डोमिनियन थिएटरबाहेर गुरदीपसिंग चग्गर या विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी केली ती तिथल्याच कामगारांच्या पोरांनी, फावल्या वेळाची चैन ज्यांना नव्हती त्यांनी. ते अभ्यास आटोपण्याची वाट बघत बसले नाहीत.

तरी मी शेवटचा अडसर घातलाच. “समाजकार्य करावं. पण आधी कर्ज फेडावं. मी बघ, गणपतीत रजा टाकून डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात पंगतीला वाढायला जातो. आयुष्याला स्थैर्य आल्यावर.”

“तुझं घराचं कर्ज अजून सात वर्षं आहे. मामीनं सांगितलं.”

मामीनं हे सांगायला नको होतं.

आता मी राखून ठेवलेला मुद्दा काढला. “बरं, वेळ फक्त दाजींचा नाही, मान्य. संस्थेत तुझ्यासारख्यांनी असावं, हेही मान्य. पण ‘मूकनायक’चं तू स्वतःच सांगितलंस. चालवणारा दूर गेला आणि मागे घडी बसली नव्हती. तू सप्टेंबरात जाणार. अध्यक्ष झालीस तर चार-सहा महिने सगळं तुझ्यावर चालेल, आणि तू गेल्यावर पुन्हा बँक्वेट हॉल. मग तुझ्या त्या न आलेल्यांना काय मिळालं?”

ती विचारात पडली. “म्हणजे पद घ्यायचं नाही, कारण मी ते चांगलं चालवीन?”

“पद घे किंवा घेऊ नकोस. गोदामात काम करणारा एक जण कमिटीत आण आणि त्याला हा तक्ता लिहायला शिकव. तुझ्या अध्यक्षपदापेक्षा ते जास्त टिकेल.”

“त्याला वेळ कुठला? तूच म्हणशील, त्याच्याही बापानं घर गहाण ठेवलंय.”

बरोबर अडवलं. हा पेच खरंच सुटत नाही. ज्यांचं संस्थेत असणं सगळ्यात गरजेचं, त्यांनाच तो वेळ सगळ्यात महाग पडतो. निदान सभा त्यांच्या पाळ्या बघून ठेवाव्यात आणि काम वाटून इतकं लहान करावं की कोणाचेही दोन गुण जाऊ नयेत, यापलीकडे मला काही सुचलं नाही. तिलाही नाही.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली ती मला आवडली. आपल्या महाराष्ट्रात कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका हिंसाचारामुळे नव्वदीच्या दशकात बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं त्या परत आणल्या, पण 2019 मध्ये पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे तिनं पदवीची सगळी वर्षं मत न देता काढली. “इथे पहिल्यांदा हात वर करून मत दिलं आणि पहिल्यांदाच हरले. हरल्यावर त्याच कार्यक्रमाचे समोसे मोजावे लागतात, हे मला कुठल्या मॉड्यूलमध्ये शिकवलं असतं?”

अध्यक्षपदासाठी तिनं अर्ज केला नाही. खजिनदारी ठेवली आहे. इथल्या बहुतेक कॉलेजांत बुधवारची दुपार खेळांसाठी आणि सोसायट्यांसाठी मोकळी ठेवतात. त्या वेळात ती आणि गोदामात काम करणारा एक मुलगा मिळून नव्या मुलांचे भाड्याचे कागद बघून देतात. हिशेबाचा तक्ता आता तो मुलगा भरतो, ती फक्त तपासते. दाजींना हे सगळं तिनंच फोनवर सांगितलं.

माझं मत विचाराल तर जालन्याच्या त्या मुलासाठी तीन संध्याकाळी जास्त झाल्या. दोघांनी वाटून घेतल्या असत्या तर एक पुरली असती. पण पुन्हा असा फोन आला आणि दुसरं कोणी नसलं तर तिनं जावं. निबंध मात्र आठवडाभर आधी लिहायला घ्यावा.