न दिसणाऱ्या विमानाचा दोष

विमानाच्या वाटेत परवानगीशिवाय ड्रोन सोडणे बेकायदेशीर आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दोषाचा. ड्रोन धडकला नाही, कुणाला इजा झाली नाही, चालकाच्या मनात वाईट हेतूही नव्हता. मग त्याने वाईट ते काय केले? गोव्याच्या पेडणे तालुक्यात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. 5 जानेवारी 2023 रोजी मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि मोपा, वारखंड, कासारवर्णे या गावांच्या परिसरातले आकाश विमानांची वाट झाले.

उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या कोनात खाली येते. धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर ते तिच्या पातळीच्या सुमारे 260 मीटर वर असते, दोन किलोमीटरवर जेमतेम 100 मीटर. बाजारात मिळणारा साधा ड्रोनही एवढी उंची सहज गाठतो. ताशी 250 किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या विमानातून तो दिसला, तरी वैमानिकाच्या हाती क्षणच उरतो. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाचे अधिक नुकसान करतो, कारण त्याची मोटर आणि बॅटरी मांसाहाडासारखी दबत नाहीत.

दोषाचा विचार भारतीय परंपरेत जुना आहे. दशरथाने अंधारात, पाण्याच्या आवाजावरून बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. राजाला हत्ती मारायचा होता, मुलगा नव्हे. तरी शाप चुकला नाही. पण बाण चुकला असता तर? घागर भरून श्रावण घरी गेला असता आणि दशरथही निर्धास्त परतला असता. तेव्हा तो निर्दोष ठरला असता का? जैन आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’ या ग्रंथात याचे स्पष्ट उत्तर मिळते. बेफिकीरपणे वागणाऱ्याचा हिंसेचा दोष समोरचा जीव वाचला म्हणून टळत नाही आणि काळजीने वागणाऱ्याला निव्वळ अपघाताने तो चिकटत नाही. पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकण्याचा जैन मुनींचा नियम, ईर्यासमिती, याच विचारातून येतो.

ड्रोनच्या बाबतीत हे उत्तर तंतोतंत लागू पडते. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडले. चालकाने तो इतका दूर नेला होता की ड्रोन त्याला दिसतच नव्हता. विमान सुखरूप उतरले, पण आग विझवण्याच्या कामातून त्याला बाहेर काढावे लागले. तिथे दोष धडकेच्या क्षणी नव्हे, ड्रोन नजरेआड गेला आणि चालकाने तो पुढेच नेला, तेव्हाच घडला होता.

‘माहीत नव्हते’ या सबबीचे काय? महाभारतातील मांडव्य ऋषींनी लहानपणी गवताच्या काडीने कीटक टोचले आणि त्याचे फळ म्हणून पुढे सुळावर चढण्याची पाळी आली. चिडून त्यांनी यमधर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांखालच्या मुलाच्या कृत्याला पाप लागणार नाही, अशी मर्यादा घातली. अज्ञानाची सूट अशी वयाला बांधलेली आहे. ड्रोनने लग्नाचे किंवा जत्रेचे चित्रीकरण करून पैसे घेणाऱ्या प्रौढाला ती मागता येत नाही.

मात्र याच कथेची दुसरी बाजू विसरली जाते. मांडव्यांना सुळावर दिले ते चोरीच्या आरोपावरून, आणि चोरी त्यांनी केलेली नव्हती. डिसेंबर 2018 मध्ये ड्रोन दिसल्याच्या बातमीने लंडनचे गॅटविक विमानतळ बंद पडले, सुमारे 1,000 उड्डाणे बाधित झाली, आणि अटक झालेले दांपत्य निर्दोष निघाले. खरा चालक सापडलाच नाही. न्यायदर्शनाने, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राने, संशयाला आपल्या सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) स्थान दिले आहे, पण संशय निर्णय नव्हे; त्याच्यापासून शोध सुरू होतो. विमान थांबवायला संशय पुरतो, कारण चूक झाली तरी खोळंबाच होतो. माणसाला शिक्षा द्यायला तो पुरत नाही. या दोन कसोट्या एक केल्या की सुरक्षा तरी ढळते नाही तर न्याय.

ड्रोन स्वतः दोषी नाही. 2021 पासून मोठ्या खाणपट्ट्यांचे ड्रोन-सर्वेक्षण बंधनकारक आहे, आणि डिचोलीसारख्या खाणींच्या तालुक्यात त्याचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर जायला परवानगी लागते आणि आतल्या भागात बंधने अधिक कडक आहेत. हा पट्टा राज्याची सीमा मानत नाही, त्यामुळे सिंधुदुर्गातील बांद्याच्या बाजूच्या चालकांनाही तो लागू होतो. कोणते क्षेत्र हिरवे (मोकळे), पिवळे (परवानगीचे) की लाल (निषिद्ध), हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर कुणालाही पाहता येते. ड्रोन उडवण्यापूर्वी तो पाहावा.