सही सहा हजारांवर, हातात चार

बस. आणि ते शिबिरातले फोटो खिशात ठेव, शाल-श्रीफळ मी पुष्कळ पाहिलेत. 'सर, कागदपत्रं एकदा नजरेखालून घाला' म्हणालास ना? घातली.

ही तुझ्या संस्थेची मार्चची व्हाउचरं. आरोग्यसेविकांचं मानधन, प्रत्येकी 6,000 रुपये. रेव्हेन्यू स्टॅम्प आहे, त्यावर सही आहे, एकीचा तर अंगठा आहे. आणि हे पावतीपुस्तक. त्याच तारखेला, त्याच बायांच्या नावानं, ओळीनं क्रमांक असलेल्या 2,000 रुपयांच्या पावत्या: 'स्वखुशीने देणगी'. स्वखुशी कसली रे? नाही दिली तर पुढच्या महिन्यात काम सुटेल, हे त्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. कागद चोख ठेवलास, ऑडिटर एक शब्द बोलणार नाही. म्हणून तर माझा जास्त संताप होतो.

'सगळेच करतात' हे माझ्यासमोर बोलू नकोस. सीएसआरवाले फलकाला पैसे देतात आणि हिशेबनिसाच्या पगाराला नाक मुरडतात, ठाऊक आहे मला. मग भांड ना त्यांच्याशी! भाडं, ऑडिट, पगार अंदाजपत्रकात उघड मांड. नाही म्हणाले तर प्रकल्प सोड. त्यांच्यापुढे तुझी दातखीळ बसते आणि वड्याचं तेल निघतं वांग्यावर.

रजनीकांत आणि मेबल आरोळ्यांवर वर्गात तू किती सुंदर बोलला होतास! 1970 साली ही दोघं जामखेडला गेली, शाळेची पायरीही न चढलेल्या बायांना त्यांनी बाळंतपणं आणि गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवलं. डॉक्टरकी अशी वाटून टाकायला मोठी छाती लागते. तुझ्या लक्षात काय राहिलं, तर 1979 चं मॅगसेसे. गडचिरोलीत बंग दांपत्यानं 39 गावांत नवजात बाळांवर केलेलं काम 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. पण झोपडीत जाऊन ती बाळं काट्यावर तोलली कुणी? गावातल्याच बायांनी. तुझ्या चकचकीत अहवालातले आकडेही अशाच कुणीतरी चपला झिजवून आणलेत, आणि त्याच बाईच्या पदरातले दोन हजार तू काढून घेतोस.

विश्वस्तांचं तर बोलायलाच नको. बायको, मेहुणा, मामा. बाहेरच्या दोघांनी राजीनामे देऊन वर्ष उलटलं. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा होता, तो अजून तुझ्या कपाटात. तुला 'हे बरोबर नाही' असं तोंडावर सांगणारं एक तरी माणूस त्या मंडळात उरलंय का?

समाजकार्यात करिअर करायला माझी ना नाही. त्यागाचं नाटक मला मुळीच आवडत नाही. पगार घे, चांगला घे, विश्वस्तांच्या ठरावात आकडा घालून घे. पण स्वतःचा पगार एक तारखेला आणि सेविकांचा 'निधी आल्यावर', हे कुठल्या शिबिरात शिकवलं तुला?

सोमवारी सभा लाव. पहिल्या पावतीपासून कापलेली सगळी रक्कम बायांच्या खात्यात जमा करण्याचा ठराव कर. इतिवृत्तात 'तांत्रिक चूक' लिहायचं नाही; काय केलंस ते लिही, खाली सही कर. आणि फेलोशिपचं शिफारसपत्र हवंय ना? आधी प्रत्येक बाईच्या पासबुकाची झेरॉक्स घेऊन ये.